चराऊ रानातला कर्ब विकत घेण्यापूर्वी : नियम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कुरणांच्या मातीतील कर्बावर (कार्बनवर) कार्बन क्रेडिट, म्हणजे धुराच्या बदल्यात विकायची प्रमाणपत्रे, देण्याचे नियम लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्वजण

स.न.वि.वि.

तुमच्या नियमावलीचा नवा मसुदा हाती आला की मी आधी शेवटची पाने उघडतो. गुरे राखणाऱ्याने भरायचे तक्ते तिथे असतात. तुकडा क्रमांक, क्षेत्र, गुरे किती, आत कधी घातली, बाहेर कधी काढली. यंदाही ते तक्ते आहेत आणि नीटनेटके आहेत. गुरे बाहेर काढली तेव्हा मागे गवत किती उरले होते, हा रकाना मात्र याही वेळी नाही. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे. लांबले आहे, कारण तो रकाना का हवा हे सांगताना तुमच्या बाकीच्या रकान्यांवरही बोलावे लागले.

मी मातीचे नमुने काढणारा माणूस. गिरमिट, घनता मोजायची लोखंडी नळी, हातोडा, पिशव्या आणि नावे घालायचा मार्कर हा माझा संसार. चक्राकार चराईने, म्हणजे रानाचे तुकडे पाडून गुरे पाळीपाळीने एकेकात चारली आणि बाकीच्यांना विसावा दिला तर, जमीन सुधारते की नाही या वादात मला कृपया विरोधकांच्या बाकावर बसवू नका. सुधारलेली जमीन मी पाहिली आहे. वरच्या वितीतली माती रवाळ झालेली, मुळांच्या जाळ्याने बांधलेली, पावसाचे पाणी साचू न देणारी. तिच्या नावाने तुम्ही जो हिशेब मांडता आहात तो कच्चा आहे, आणि कच्चा हिशेब उघडा पडला की बदनामी चांगल्या कामाचीच होईल, एवढीच माझी भीती आहे.

आधी गवत. कुंपणाच्या एका तारेच्या दोन बाजूंचे दोन ठोंब उपटून शेजारी ठेवा. एका बाजूला गुरे रोज फिरतात, दुसऱ्या बाजूला सहा आठवड्यांनी एकदा येतात. वरून फरक फक्त उंचीचा दिसतो. खरा फरक मुळे पाण्यात खळबळून धुतल्यावर कळतो. रोज खुडल्या जाणाऱ्या ठोंबाची मुळे बोटभर, तपकिरी, टोकाला खुरटलेली. विसावा मिळालेल्या ठोंबाची मुळे हातभर खाली गेलेली, टोके पांढरी, आणि कितीही झटकली तरी माती सोडत नाहीत. तुम्ही ज्याला कर्बाचा टन म्हणता त्याची सुरुवात त्या चिकटलेल्या मातीत होते.

असे का होते, हे नवे ज्ञान नाही. अमेरिकी कृषी खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांनी गवताचा पाला वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ किती थांबते ते पाहिले आणि 1955 साली आकडे मांडले. निम्मा पाला कापला तर जेमतेम 2 ते 4 टक्के मुळांची वाढ थांबते. 60 टक्के कापला तर निम्म्या मुळांची. 80 टक्के कापला की सगळ्याच मुळांची, आणि ती 12 दिवस जागची हलत नाहीत. 90 टक्क्यांना 17 दिवस. गवतागणिक आणि हंगामागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यांची चाल लक्षात घ्या. निम्म्यापर्यंत गवत सोसते. त्यापुढचा प्रत्येक घास मुळांवर उठतो. म्हणजे एकाच तुकड्यात, तेवढीच गुरे, तेवढेच दिवस राहिली तरी शेवटच्या दुपारी काय झाले यावर सगळे अवलंबून. तुमच्या तक्त्यात ती दुपार कुठेच दिसत नाही.

कर्ब मातीत जातो तो मुख्यतः याच मुळांच्या वाटेने. हिरवे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर तयार करते, त्यातला काही भाग मुळांतून मातीत पाझरतो, त्यावर जीवाणू आणि बुरशी पोसतात, मरतात, आणि त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात. असा चिकटलेला कर्ब दशकानुदशके, कधी त्याहून जास्त टिकतो. गुरांनी तुडवलेले वाळके गवत आणि कुजकी मुळे यांचाही कर्ब असतो, पण तो सुटा. चार वर्षे वाढतो आणि एका कोरड्या, गरम हंगामात उडून जातो. प्रयोगशाळेच्या भट्टीत दोन्ही सारखेच जळतात, म्हणून तुमच्या अहवालात दोन्हींचा आकडा एकच येतो.

शेणाबद्दलही एक गैरसमज तुमच्या प्रचारपत्रकांत दिसतो. शेण म्हणजे बाहेरून आलेला कर्ब नव्हे. त्याच रानातले गवत गाईच्या पोटातून फिरून परत आले, वाटेत बराचसा कर्ब श्वासातून आणि ढेकरेतून हवेत गेला. शेणाची खरी कमाई वेगळी: ते सगळ्या रानभर पसरते की पाण्याच्या हौदापाशी आणि सावलीखाली साचते. तुकड्यांच्या फेरपालटीने ते पसरते, हा फेरपालटीचा मोठा गुण. शेणकिडे त्याचे गोळे करून खाली ओढतात आणि जाताना पाणी मुरायला भोके करून ठेवतात. पण जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिलेल्या गुरांच्या शेणात ह्या किड्यांच्या अळ्या तग धरत नाहीत. असा शेणाचा पो कित्येक आठवडे पापडासारखा वाळून पडलेला मी उलथून पाहिला आहे. खाली गवत पिवळे, आणि एकही भोक नाही. जंतनाशक कधी दिले, हा रकाना तुमच्याकडे आहे का? असो, विषय वाढतो.

आता फेरपालटीकडे. फ्रान्सचे आंद्रे व्हॉइसिन यांनी 1950 च्या दशकात गाईंमागे तासन्‌तास हिंडून जे मांडले त्याचा गाभा असा की, खुडलेल्या गवताला पुन्हा भरून यायला लागणारा वेळ ऋतूप्रमाणे बदलतो आणि चराई त्या वेळेप्रमाणे चालली पाहिजे. गवत जोमात असेल तेव्हा तीन-चार आठवडे पुरतात. वाढ मंदावली की दोन-तीन महिनेही कमी पडतात. तुकडे आणि तारा हे विसावा देण्याचे साधन आहे. तुम्ही साधनाची नोंद ठेवता आणि विसाव्याला विसरता.

एकदा नमुने काढायला गेलो होतो त्या रानातला प्रकार सांगतो. योजना कोणाची, हे इथे महत्त्वाचे नाही. गुरे दर तीन दिवसांनी पुढच्या तुकड्यात न्यायची, असे करारात लिहिले होते. पाऊस लांबला होता. पुढचा तुकडा पाहिला तर गवत बोटाच्या दोन पेरांएवढे, मागच्या खुडणीनंतर जेमतेम फुटलेले. राखणाऱ्याला ते दिसत नव्हते असे नाही. माझ्यापेक्षा त्याला जास्त दिसत होते; गवताच्या फुटव्याला हात लावून तो मला म्हणाला की अजून महिनाभर इथे पाय ठेवायला नको. पण तारीख चुकली तर वर्षाचे पैसे अडकणार होते. त्याने विजेच्या झटक्याची तार उचलली, गुरे आत गेली, वहीत तारीख पडली. तपासणीत त्या वहीला पूर्ण गुण मिळाले. मी तिथे काढलेल्या नमुन्यांत वरच्या थराचा कर्ब शेजारच्या नुसत्या कमी गुरे ठेवलेल्या रानापेक्षा कमी निघाला, आणि त्या शेजाऱ्याकडे आतले एकही कुंपण नव्हते.

याला पाठबळ देणारा मोठा वाद तुम्हाला ठाऊकच असेल. 2008 साली डेव्हिड ब्रिस्के आणि सहकाऱ्यांनी रानांवरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. गुरांची संख्या सारखी ठेवली तर गवताच्या आणि जनावरांच्या उत्पादनात फेरपालट सलग चराईहून सरस ठरते, असे बहुतेक प्रयोगांत दिसले नाही. फेरपालटीच्या बाजूचे लोक म्हणाले की त्या प्रयोगांत वेळापत्रक ताठर होते, गवत पाहून निर्णय घेणारा माणूसच वगळलेला होता. त्यांचे म्हणणे मला पटते. गंमत अशी की, ज्या ताठर वेळापत्रकामुळे ते प्रयोग बाद ठरवले, तेच वेळापत्रक तुमच्या करारांत पहिल्या कलमात बसले आहे.

माणूस आत घेतल्यावरही जादू होत नाही, हेही नोंदवून ठेवतो. कोलोरॅडोच्या कोरड्या आखूड गवताळ रानात पशुपालक, शास्त्रज्ञ आणि इतर मंडळींनी एकत्र बसून, गवत पाहून फेरपालट चालवली. तिथे गोऱ्ह्यांची वजनवाढ सलग चराईपेक्षा 12 ते 16 टक्के कमी भरली. दाट कळपात जनावराला निवडून खाता येत नाही, हे त्याचे साधे कारण. ओलसर, खोल मातीच्या कुरणातला अनुभव कोरड्या रानाला जसाच्या तसा लागू होत नाही. 2013 साली अशा चराईचे प्रचारक ॲलन सेव्हरी यांच्या गाजलेल्या भाषणाने गुरांच्या कळपांनी हवामान पूर्वपदावर येईल अशी हवा झाली, आणि तेव्हापासून ओल्या-कोरड्याचा हा भेद बोलणारा माणूस रसभंग करणारा ठरतो. ठरू दे.

किती कर्ब वाढतो, याचे आकडे तुम्ही जे छापता ते नेहमी वरच्या टोकाचे असतात. मिशिगनमधल्या एका अभ्यासात चार वर्षांच्या मापावरून हेक्टरी वर्षाला 3.59 टन कर्ब आला, 2018 साली तो प्रसिद्ध झाला. जॉर्जियातल्या एका फार्मवर 2.29 टन आला. तिथे झिजलेल्या पीकजमिनीचे कुरण केले होते, गाईंसोबत कोंबड्यांसह इतर प्राणी होते, आणि तेवढ्याच मांसासाठी नेहमीच्या पद्धतीच्या अडीचपट जमीन लागली. हे अभ्यास खोटे नाहीत. पण ते वरच्या टोकाचे आहेत, आणि झिजलेली जमीन सुरुवातीला झपाट्याने भरते. जगभरचे अभ्यास एकत्र करून 2017 साली रिचर्ड कोनंट आणि सहकाऱ्यांनी काढलेली, कुरण-व्यवस्थापनातल्या सर्व सुधारणांची सरासरी हेक्टरी वर्षाला 0.47 टन आहे. त्यात खत, शेंगवर्गीय वनस्पतींची पेरणी, पीकजमिनीचे कुरण करणे असे सगळेच आले.

मोठ्या आकड्यांना एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: नत्र (नायट्रोजन) कुठून आले? मातीत टिकून राहणाऱ्या सेंद्रिय पदार्थात साधारण 10 ते 12 भाग कर्बाला 1 भाग नत्र लागते. 3.59 टन कर्ब टिकाऊ रूपात बसायचा तर हेक्टरी वर्षाला सुमारे 300 ते 360 किलो नत्र त्यात अडकले पाहिजे. शेंगवर्गीय वनस्पती काही देतील, उरलेले कोणाच्या पोत्यातून किंवा कोणाच्या चाऱ्यातून आले ते दाखवा. बाहेरून विकत आणलेला चारा खाऊ घातला असेल तर तो कर्ब दुसऱ्याच्या शेतातून उचलून इथे ठेवला, एवढेच.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, जिच्यावर तुमच्या मसुद्यात चारच ओळी आहेत. कर्बाचा साठा काढायचा तर टक्केवारी, घनता आणि खोली यांचा गुणाकार करतात. समजा मातीत दीड टक्का कर्ब आहे, घनता दर घन सेंटिमीटरला 1.20 ग्रॅम आहे आणि खोली 30 सेंटिमीटर. हेक्टरी 54 टन. आता दाट कळपाने जमीन तुडवली, घनता 1.26 झाली, कर्बाची टक्केवारी होती तेवढीच राहिली. गुणाकार 56.7 टन सांगतो. कर्ब कणभर वाढला नाही, तरी 2.7 टन वाढल्याचे दिसते, कारण दबलेल्या जमिनीत तुमची 30 सेंटिमीटरची नळी जास्त माती उचलून आणते. 1 टन कर्ब म्हणजे सुमारे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड, म्हणून हे 2.7 टन त्या मापात जवळजवळ 10 टन होतात. आधी सांगितलेल्या 0.47 टनांच्या सरासरीने पाच वर्षांत खरोखर वाढणारा कर्ब 2.35 टन, म्हणजे मोजणीतली चूक खऱ्या कमाईपेक्षा मोठी.

आणि उलट बाजू याहून वाईट. ज्याने गवत राखले, मुळे वाढू दिली, गांडुळे परत आणली, त्याची जमीन भुसभुशीत होते. घनता 1.14 वर येते. टक्केवारी तीच असेल तर त्याचा साठा 51.3 टन दिसतो आणि तुम्ही त्याच्या खात्यातून पैसे कापता. जमीन ठोकून घट्ट करणाऱ्याला बक्षीस आणि मोकळी करणाऱ्याला दंड. उपाय सोपा आहे: खोली सारखी धरू नका, मातीचे वजन सारखे धरा. दोन्ही वेळेला हेक्टरी तेवढ्याच टन मातीत कर्ब किती, ते मोजा. त्यासाठी 30 सेंटिमीटरच्या खालीही नमुने लागतात, आणि गिरमिट मारणाऱ्याचे कष्ट वाढतात. ते कष्ट मी आनंदाने करीन.

चुनखडीच्या जमिनीत आम्लाने चुन्यातला कर्ब काढून टाकल्याशिवाय भट्टीत जाळलेला नमुना भलताच आकडा देतो. 1934 सालापासून चालत आलेली, रसायनाने कर्ब मोजायची वॉक्ली-ब्लॅक पद्धत सगळा कर्ब पकडत नाही. सुमारे तीन-चतुर्थांश पकडते आणि उरलेला ठरावीक गुणकाने भरून काढते. पहिल्या वर्षी ही पद्धत आणि पाचव्या वर्षी भट्टी, असे झाले की फरक मातीचा राहत नाही, यंत्रांचा होतो. दोन्ही वेळा एकच पद्धत, एकच ऋतू, तीच जागा. आणि शेजारी, तशाच मातीचे, फेरपालट नसलेले रान तुलनेसाठी हवेच. सलग तीन चांगल्या पावसाच्या वर्षांत कोणत्याही कुरणात गवत आणि कर्ब वाढतो. पावसाची कमाई चराईच्या नावावर टाकू नका.

गाईच्या ढेकरेबद्दल मसुदा गप्प आहे, म्हणून तोही हिशेब इथेच करतो. प्रौढ गाय वर्षाला साधारण 70 ते 120 किलो मिथेन सोडते. 90 किलो धरा. शंभर वर्षांच्या मापाने मिथेनचा तडाखा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट, म्हणजे 2.4 टन. हेक्टरी 0.47 टन कर्ब म्हणजे 1.7 टन कार्बन डायऑक्साइड. हेक्टरी एक गाय असेल तर मातीने गाईचेही फेडले नाही. दोन हेक्टरांवर एक गाय असेल तर फेडून थोडे उरते, तेही माती भरत असेतोवर. 2017 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला तेव्हा, अगदी उदार गृहीतके धरूनही, चराईच्या गुरांच्या वार्षिक उत्सर्जनापैकी 20 ते 60 टक्केच मातीत जिरू शकेल असे निघाले. माती वीस-तीस वर्षांत नव्या पातळीला येऊन थांबते. गाय थांबत नाही. मिथेन बारा-एक वर्षांत हवेतून नाहीसा होतो हे खरे, पण कळप तेवढाच राहिला तर तो रोज नव्याने भरला जातो. तेव्हा उरलेसुरले टन कोणा कारखान्याच्या धुराच्या बदल्यात विकायचे, हा तुमच्या मसुद्यातला भाग मला पूर्णपणे नामंजूर आहे. धूर कायमचा आणि मातीतला कर्ब एका नांगरटीचा किंवा एका दुष्काळाचा. ऑस्ट्रेलियात कर्ब राखण्याची मुदत 25 किंवा 100 वर्षांची ठरवली आहे. पंचवीस वर्षे संपल्यावर तो कोणाच्या जबाबदारीवर, याचे उत्तर मला तुमच्याही कलमांत सापडले नाही.

मग पैसे कशाचे द्यायचे, असे तुम्ही विचाराल. दरवर्षी डोळ्यांनी आणि पट्टीने मोजता येते त्याचे. गुरे बाहेर काढताना गवताची किती उंची मागे राहिली. पुन्हा गुरे आत घातली तेव्हा पाने पुरती भरून आली होती का. कोरड्या हंगामाच्या अखेरीस उघडी जमीन किती. या तिन्ही गोष्टी राखणाऱ्याच्या हातात आहेत आणि त्याला त्या आजच दिसतात. कर्बाचा टन ना त्याच्या हातात, ना त्याला दिसणारा. गवताअभावी त्याने कळप कमी केला किंवा तारीख पुढे ढकलली तर त्याला दंड नको, उलट त्या वर्षी भरपाई हवी, कारण कर्बाच्या दृष्टीने ते त्याने केलेले सर्वांत महागडे काम असते. कमी केलेली गुरे शेजारच्या रानात गेली की विकली गेली, एवढे मात्र विचारा. कर्ब दहा वर्षांनी मोजा, नीट मोजा, खोल मोजा, आणि वाढला असेल तर जाहीर करा. विकू नका.

पुढच्या बैठकीआधी तुमच्यापैकी दोघा-तिघांनी एक दिवस माझ्याबरोबर यावे, असे विनंतीपत्र मी वेगळे पाठवत आहे. विशेष तयारी लागत नाही. वीतभर रुंदीचे लोखंडी कडे दोन ठिकाणी जमिनीत ठोकू, एक रोजच्या चराईत, एक विसावा मिळालेल्या तुकड्यात, आणि दोन्हींत तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळात मुरते ते घड्याळ लावून पाहू. येताना पट्टी आणा. उरलेल्या गवताची उंची तुम्हीच मोजा आणि तो रकाना कुठे बसवायचा ते तिथेच ठरवू.

आपला,
एक नमुने काढणारा